न उडालेलं काडतूस

आमच्या घरात एक बंदूक आहे. हे कॉलेजात सांगितलं की मुली आधी घाबरतात आणि मग ती कशी दिसते ते विचारतात. ती जुन्या लांब छत्रीसारखी दिसते. एकनळी आहे. परवाना पूर्वी आजोबांच्या नावावर होता, आता बाबांच्या नावावर आहे, आणि पीक राखणं एवढंच तिचं काम आहे. वांदरं आंब्यावर आणि नारळावर येतात, डुकरं भातात येतात. बाबा सड्याच्या बाजूला, जिथे कातळाशिवाय काही नाही तिथे, नळी वर धरून हवेत बार काढतात. वांदरं समोरच्या डोंगरावर जातात, आम्ही जेवायला कधी बसतो ते बघतात आणि परत येतात. निवडणूक लागली की बंदूक पोलीस ठाण्यात जमा करावी लागते. वांदरांना निवडणुकीची तारीख आमच्या आधी कळते असं आईचं म्हणणं आहे.

बंदुकीत काही दोष नाही. दोष काडतुसांत आहे. आमच्याकडे पावसाळ्यात पापड सादळतात, काडीपेटी सादळते, तशी काडतुसंही सादळतात. बाबा ती तांदळाच्या डब्यात खुपसून ठेवतात. तरी मधूनच एखादं लागत नाही. चाप ओढला की नुसतं 'खट' होतं.

'खट' झालं की बाबा लगेच खटका दाबतात. मग बंदूक मधून वाकते आणि नळीचं मागचं तोंड उघडतं. बाबा काडतूस ओढून काढतात. त्यांची नजर कमी आहे, म्हणून ते काडतूस अगदी डोळ्यांपाशी नेतात आणि त्याच्या बुडाकडे बघतात. फुंकर मारतात, लेंग्याला पुसतात आणि परत आत घालतात. दुसऱ्यांदा बहुतेक लागतं. हे मी लहानपणापासून बघत आले आणि मला त्यात कधी काही वावगं दिसलं नाही. उलट, आमच्या बाबांना बंदूक दुरुस्त करता येते असं मी शाळेत सांगितलं होतं.

आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली. कॉलेजात काय करायचं असतं हे घरात कोणाला विचारता येत नव्हतं, म्हणून तिथे जे सांगतील ते सगळं करायचं असं मी ठरवलं. ग्रंथालयाचं कार्ड काढा म्हणाले, काढलं. रक्तगट तपासून घ्या म्हणाले, घेतला. परेडला नावं द्या म्हणाले, दिलं. परेडमधून मला नेमबाजीसाठी निवडलं, कारण मी हलत नाही. आम्हाला शिकवणारे उस्ताद फौजेतून निवृत्त झालेले, साताऱ्याकडचे. त्यांनी सगळ्या मुलींना रायफल देऊन सतरंजीवर पालथं झोपवलं आणि मागे हात बांधून कोण हलतंय ते बघत फिरले. मी हलले नाही. वर्गातही मी हलत नाही, पण तिथे त्याचं कोणी कौतुक केलं नव्हतं.

सरावाची जागा रत्नागिरीबाहेरच्या एका बंद पडलेल्या चिरेखाणीत होती. तीन बाजूंना जांभ्याच्या उभ्या भिंती, आणि गोळी दगडावर आपटून परत येऊ नये म्हणून समोर मातीचा उंच बांध. पहिले दोन आठवडे उस्तादांनी आम्हाला एकही गोळी दिली नाही. नुसतं विचारायचे.

"गोळी सुटली नाही तर काय करायचं?"

एक मुलगी म्हणाली, "परत चाप ओढायचा, उस्ताद."

"बरं. आणि तरी नाही सुटली तर?"

"मागचा बोल्ट उघडून आत बघायचं."

"आणि मी तुझ्या आईला काय सांगायचं?" उस्ताद म्हणाले.

कोणी हसलं नाही. उस्तादांनाही हसू अपेक्षित नसावं. त्यांनी सांगितलं, की चाप ओढल्यावर गोळी सुटली नाही याचा अर्थ ती मेली असा होत नाही. "कधी कधी ती विचार करत असते. आत ठिणगी पडलेली असते, दारू सादळलेली असते, पेटायला वेळ लागतो. त्या वेळात तुम्ही मागचं तोंड उघडलं, तर ती पुढे कशाला जाईल? जवळचं दार उघडं आहे." म्हणून नळी समोरच ठेवायची. बोट चापावरून काढायचं. डावा हात वर करायचा आणि गप्प पडून राहायचं. हातातली रायफल दुरुस्त करायला जायचं नाही. बाकीचं उस्ताद बघतील.

"किती वेळ पडून राहायचं, उस्ताद?" मी विचारलं. मी वर्गात प्रश्न विचारत नाही, पण हा विचारला.

"मी सांगेपर्यंत. तुम्ही मोजायचं नाही. घाबरलेला माणूस फार भरभर मोजतो."

मी त्या वेळी बांधाकडे बघत होते, पण मला बाबा दिसत होते. लेंग्याला पुसलेलं काडतूस डोळ्यांपाशी धरून फुंकर मारणारे. आमची काडतुसं तर रायफलच्या गोळीपेक्षा कितीतरी मोठी, अंगठ्याएवढी जाड असतात.

त्या दिवसापासून बाबांना हे सांगायचं, एवढं एकच काम माझ्याकडे होतं. ते मला जमेना. आमच्या घरात बाबा काही करत असताना 'असं करू नका' म्हणायची पद्धत नाही. आजीसुद्धा म्हणायची नाही, आणि ती त्यांची आई होती. मी एकदा जेवताना सुरुवात केली.

"बाबा, काडतूस लागलं नाही तर…"

"दुसरा घालायचा," बाबा म्हणाले आणि त्यांनी आमटी मागितली.

मग मी आईला सांगितलं. आई भाकरी थापत होती. तिने सगळं ऐकून घेतलं. "तुझा बापूस तू जन्मायच्या आदीपासून बंदूक धरतोय," ती म्हणाली. "अजून दोन्ही डोळे हायत." दोन्ही डोळे होतेच.

हिवाळ्यात त्याच चिरेखाणीत जिल्ह्यातल्या कॉलेजांची स्पर्धा ठरली. आमच्याकडून मी होते. चिपळूणचा संघ येणार होता, गुहागरचा येणार होता. सुरुवातीला उस्ताद सगळ्यांसमोर नियम वाचून दाखवणार होते, गोळी न सुटल्यावर काय करायचं तेही. मला वाटलं, हेच बरं. बाबा माझं ऐकणार नाहीत, पण उस्तादांना मिशा आहेत. म्हणून मी बाबांना बोलावलं. स्पर्धा बघायला या म्हणाले. ते लगेच हो म्हणाले, याचं मला जरा वाईट वाटलं, कारण मी त्यांना स्पर्धा बघायला बोलावलंच नव्हतं.

स्पर्धेच्या दिवशी नियम वाचून झाले तरी बाबांची एसटी आली नव्हती. ते आले तेव्हा मी सतरंजीवर पालथी पडलेली होते. मागे दोरी बांधली होती आणि त्यापलीकडे बघणारे उभे होते. बाबांचं खाकरणं मला ओळखू आलं. त्यांनी कोणाला तरी विचारलंही, "ह्या सगळ्या झोपल्यात कशाला?"

पहिल्या दोन गोळ्या बऱ्या गेल्या. तिसऱ्या वेळी मी चाप ओढला आणि 'खट' झालं.

तो आवाज मी घरी इतक्या वेळा ऐकला होता, की पुढे काय होणार ते मला आपोआप वाटायला लागलं. आता कोणीतरी फुंकर मारणार. पण मी बोट बाहेर काढलं. नळी समोर ठेवली. डावा हात वर केला. शेजारच्या लेनमध्ये चिपळूणची मुलगी होती, तिने तिची गोळी मारली आणि मग ती थांबली. सगळेच थांबले.

"काय झालां गो, बाय?" मागून बाबांचा आवाज आला.

मी बोलले नाही.

"बाय! काय झालां?"

आमच्या घरात बाबांनी हाक मारली की ओ द्यायची, आणि ओ देताना तोंड त्यांच्याकडे करायचं. पाठ करून बोललेलं त्यांना चालत नाही. मी विहिरीत कळशी सोडलेली असली तरी दोर पायाखाली दाबून मागे वळून ओ देते. हे मला कोणी शिकवल्याचं आठवत नाही. चालायला कोणी शिकवलं तेही आठवत नाही.

"ओ दे गो!"

"अहो काका, बोलू नका," दोरीपाशी कोणीतरी म्हणालं.

"माझी पोरगी हाय ती."

"असेल हो. पण आत्ता ती लेनमध्ये आहे."

"हात कशाला वर केलान? मुतायला आलाय काय तिला?"

चिपळूणची मुलगी हसल्याचं मला ऐकू आलं. माझी मान वळायला लागली होती. मला ती वळवायची नव्हती, पण ती वळत होती. मान वळली की खांदा वळतो, आणि खांद्याला रायफल लावलेली होती.

तेवढ्यात माझ्या पाठीवर एक तळहात पडला. उस्ताद कधी येऊन बसले ते कळलं नाही. ते ओरडले नाहीत. त्यांनी फक्त तळहात दोन खांद्यांच्या मधे ठेवला, पीठ दाबून ठेवावं तसा, आणि हळूच म्हणाले, "वडील आहेत का? असू देत. समोर बघ."

मी समोर बघितलं. बांधावर एक खार होती. तिने काहीतरी खाल्लं आणि ती गेली. बाबांनी आणखी एकदा हाक मारली आणि मग मारली नाही. 

पुष्कळ वेळाने उस्तादांनी रायफल माझ्या खांद्याला असतानाच बोल्ट स्वतः उघडला, स्वतःचं तोंड बाजूला ठेवून आणि मलाही तोंड फिरवायला सांगून. गोळी बाहेर आली, साधी, एरवीसारखीच. बुडाला ठोका बसल्याची खूण होती. त्यांनी ती वाळूच्या डब्यात टाकली, नळीत काही अडकलेलं नाही ना ते बघितलं आणि मला दुसरी गोळी मिळाली. मी मधे हात लावला असता तर मिळाली नसती, असं त्यांनी पंचांना मोठ्याने सांगितलं. मी उरलेल्या गोळ्या मारल्या. आमचा संघ चौथा आला. संघ चार होते.

नंतर मी उस्तादांना विचारलं, वळू नको असं तुम्ही लांबूनच का नाही सांगितलंत. ते म्हणाले, "मागून ओरडलं की माणूस वळतो. हातात बंदूक असली तर ती घेऊन वळतो."

बाबांनी उस्तादांसाठी दोन नारळ आणले होते. ते देताना बाबा म्हणाले, "पोर अशी नाय ओ. घरात ओ देते. आज काय झालां काय म्हायत."

"आज नाही दिली म्हणून मी तिला पुढच्या वर्षीही आणणार," उस्ताद म्हणाले.

बाबांना ते सांत्वन वाटलं. त्यांनी तिसरा नारळही काढून दिला. तो आत्याकडे द्यायचा होता.

परतीच्या एसटीत आम्ही शेजारी बसलो. रत्नागिरी सुटेपर्यंत बाबा नारळांच्या रिकाम्या पिशवीची घडी घालत होते. मग म्हणाले,

"काय झालां व्हतां?"

"गोळी सुटली नाही."

"मंग?"

"मग थांबायचं असतं."

"कशाला?"

"ती उशिरा सुटू शकते. आपण उघडलं तर तोंडावर येते."

"सुटली?"

"नाही."

"म्हंजे काय झालां?"

"काही नाही झालं."

बाबांनी यावर विचार केला. "काय नाय झालां म्हणून बापाला ओ नाय दिलीस," ते म्हणाले.

मी मनात तपासून बघितलं. ते बरोबर होतं. त्या गोळीने जरा तरी आवाज केला असता तर मला समजावणं सोपं गेलं असतं. पण ती नियमाप्रमाणे न सुटलेली गोळी होती, आणि न सुटलेल्या गोळीचा पुरावा कसा द्यायचा ते उस्तादांनी शिकवलं नव्हतं. तरी मी सगळा धीर गोळा केला.

"तुम्ही पण थांबायला हवं, बाबा. तुम्ही काडतूस लगेच काढता आणि डोळ्यांजवळ नेता…"

"माझ्या डोळ्यांना काय झालाय?"

"काही नाही."

"मंग झालां तर," बाबा म्हणाले आणि आमचा पावसचा फाटा येईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिले.

घरी आल्यावर त्यांनी ही गोष्ट वाडीत सगळ्यांना सांगितली. त्यात रायफल नव्हती, बांध नव्हता, चौथा नंबरही नव्हता. एवढंच होतं, की चार माणसांत हाक मारली आणि पोरीने ओ दिली नाही. शेजारच्या बागेतले काका म्हणाले, "कॉलेजात गेली की तशीच व्हतात." बाबा हो म्हणाले नाहीत, पण नाही पण म्हणाले नाहीत. मी त्यानंतर घरात जरा जास्तच मोठ्याने ओ द्यायला लागले. हाक आईने मारली असली तरी.

शिमगा होऊन गेल्यावर एका सकाळी वांदरं आली. हापूस अजून कोवळे होते. वांदरांना ते पिकलेलेच लागतात असं नाही, त्यांना नुसतं चावून फेकायचं असतं. बाबा बंदूक घेऊन बागेत गेले. मी मागोमाग गेले. का जातेस असं कोणी विचारलं असतं तर मला उत्तर देता आलं नसतं, म्हणून मी हातात एक कोयती घेतली.

बाबांनी नळी सड्याच्या बाजूला वर धरली आणि चाप ओढला.

खट.

वांदरं क्षणभर थांबली. मग एक मोठं वांदर खालच्या फांदीवर आलं. त्यांनाही हा आवाज माहीत होता.

बाबांचा अंगठा खटक्याकडे गेला. मी ओरडणार होते. तोंड उघडलंही होतं. पण मी ओरडले तर बाबा वळतील. ते वळणारच, कारण त्यांच्याही वडिलांना पाठ करून बोललेलं चालत नसे. आणि ते बंदूक घेऊन वळतील.

मी कोयती खाली ठेवली, दोन पावलं पुढे गेले आणि त्यांच्या पाठीवर तळहात ठेवला.

बाबांच्या पाठीला मी त्याआधी कधी हात लावल्याचं मला आठवत नाही. सदरा घामाने भिजला होता. पाठ एकदम ताठ झाली. अंगठा जिथे होता तिथेच राहिला.

"काय गो?"

"समोर बघा, बाबा."

"वांदरां आंबे खातायत."

"खाऊ देत."

ते वळायला लागले. मी तळहात दाबला. मी असा दाबेन असं मला वाटलं नव्हतं, त्यांनाही वाटलं नसावं. ते परत समोर झाले.

"किती वेळ?" त्यांनी विचारलं.

"मी सांगेन."

आम्ही तसेच उभे राहिलो. वांदरांनी एका फांदीचे आंबे संपवले आणि दुसऱ्या फांदीवर गेली. एक पिल्लू आमच्याकडे बघत बसलं होतं. त्याला बहुधा आम्ही काय करतोय ते कळत नव्हतं. खाली अंगणातून आईची हाक आली.

"अवो! बार का नाय झाला?"

बाबांनी तोंड उघडलं आणि मिटलं.

"अवो, ऐकू येताय काय? मेली सगळी बाग खाल्लानी!"

"तिला सांग काय तां," बाबा हळूच म्हणाले.

"मी पण बोलत नाही," मी म्हणाले.

मला वाटतं उस्ताद जेवढं थांबले असते त्याच्या दुप्पट मी थांबवलं. मला खात्री नव्हती, आणि विचारायला कोणी नव्हतं. मग मी म्हणाले, "आता उघडा. नळी तशीच. तोंड बाजूला करा."

बाबांनी स्वतःचं तोंड बाजूला फिरवून बंदूक उघडली आणि चाचपत काडतूस काढलं. त्यांचा हात सवयीने डोळ्यांकडे निघाला आणि छातीपर्यंत येऊन थांबला. मी काही बोलले नव्हते. काडतूस थोडा वेळ तिथेच राहिलं. मग त्यांनी विचारलं, "आता ह्या कुठं?"

झाडांना पाणी घालायची बादली जवळ होती, तिच्यात टाकलं. ते बुडालं. आम्ही दोघांनी बादलीत लांबूनच बघितलं. बाबांनी दुसरं काडतूस घातलं, ते लागलं, आणि वांदरं डोंगरावर गेली. तोवर आई नारळाचा वाळका झाप ओढत वर आली होती. तिने झाडाकडे बघितलं, मग आमच्याकडे, आणि ओ का दिली नाही ते तिने विचारलं. ते तिने दुपारपर्यंत विचारलं.

सोमवारी मी कॉलेजला निघाले तेव्हा बाबा फाट्यापर्यंत आले. शेजारच्या काकांची बंदूक ठासणीची आहे, वरून दारू भरायची. "तुझ्या मास्तरांना विचार," बाबा म्हणाले, "ठासणीची नाय लागली तर किती थांबायचा."

मी विचारलं. उस्ताद म्हणाले, जास्त.

त्या रविवारी बाबा मला घेऊन काकांच्या बागेत गेले आणि त्यांनी हे काकांना सांगितलं. नळी वर, हात लांब, तोंड बाजूला, आणि बराच वेळ थांबायचं. काकांनी विडी बाजूला केली.

"ह्या कुठना आणलास?"

"रत्नागिरीत आता सगळे थांबतात," बाबा म्हणाले.

"आणि वांदरां?"

"ती पण थांबतात."

हे खरं नव्हतं. पण काका मान डोलावत होते, म्हणून मी पण डोलावली.